‘मुलान २’: लग्ने मोडली, मग तहाचे काय?

प्रश्न – सायंतारा
डिस्नेच्या १९९८ सालच्या ‘मुलान’चा पुढचा भाग आम्ही घरी पाहिला. मंगोलांविरुद्ध तह व्हावा म्हणून सम्राटाच्या मेई, टिंग-टिंग आणि सू या तीन मुली शेजारच्या राज्यात लग्नासाठी पाठवल्या जातात. वाटेत त्या सोबतच्या सैनिकांच्या प्रेमात पडतात आणि त्यांना पोहोचवायला निघालेली योद्धा मुलान त्यांची बाजू घेते. इथवर सगळे पटते. मात्र शेवटी मुलानचा रक्षक असलेला छोटा ड्रॅगन मुशू सोनेरी ड्रॅगनचे सोंग घेऊन लग्न मोडतो, आणि ज्यांच्या भीतीने हे वऱ्हाड निघाले त्या मंगोलांचा विचारही कोणी करत नाही. ही पळवाट नव्हे काय?

प्रतिसाद – जुनेपाने
पळवाटच आहे, कारण चीनच्या इतिहासात असा ड्रॅगन कोणाच्या मदतीला आला नाही. इ.स.पू. २०० मध्ये उत्तरेकडच्या भटक्या श्योंगनू टोळ्यांनी हान सम्राट गाओझू याला बायदंग येथे वेढल्यानंतर रेशीम आणि धान्याबरोबर राजघराण्यातली मुलगी देऊन सीमा शांत ठेवण्याचे धोरण रूढ झाले. सम्राट सहसा पोटची मुलगी देत नसे. एखाद्या नातलगाची मुलगी राजकन्या म्हणून रवाना होई. त्यांतली शीजून पुढे मध्य आशियातल्या वूसुन लोकांच्या म्हाताऱ्या राजाला दिली गेली, ज्याची भाषाही तिला येत नव्हती. त्याने तिला आपल्या नातवाशी लग्न करायला सांगितले तेव्हा तिने सम्राटाकडे दाद मागितली, आणि तिथल्या रीतीप्रमाणे वाग, असे उत्तर आले. पिवळा हंस होऊन माहेरी परतावे, असे म्हणणारी एक कविता तिच्या नावावर आहे. तिच्या मागून गेलेली ज्येयौ इ.स.पू. ५१ मध्ये परतली, तेव्हा ती सत्तरीला आली होती.

प्रतिसाद – आडवाट
इतिहास मान्य, तरी चित्रपटावर थोडा अन्याय होतो आहे. मुलानचा नियोजित नवरा शांग दरीत कोसळून मेला असे समजल्यावर मुलान राजकन्यांच्या जागी स्वतः बोहल्यावर चढायला तयार होते. मनाचे ऐका असे दुसऱ्यांना सांगणारी बाई त्याची किंमत स्वतः मोजायला निघते, हा माझ्या मते कथेतला सर्वांत प्रामाणिक भाग आहे. दुर्दैवाने तो काही मिनिटांतच आटोपतो. मुशूचे म्हणाल तर, मुलानचे लग्न झाले की आपले कुलरक्षकाचे पद जाणार म्हणून तोच आधी तिच्यात आणि शांगमध्ये भांडण लावतो. कर्तव्याचा आव आणून स्वार्थ साधणारे असे मध्यस्थ आपल्याकडच्या लग्नांतही कमी नसतात! टिंग-टिंगही मला आवडली. आपल्या हसण्याची लाज वाटून ती हसू दाबत असते, आणि सोबतच्या सैनिकांपैकी लिंग तिला मनमोकळी हसवतो. थेट व्हिडिओवर आलेल्या चित्रपटाकडून एवढे मिळाले तरी पुष्कळ.

प्रश्नकर्तीचे उत्तर – सायंतारा
मुलान स्वतः उभी राहते तो भाग मलाही भिडला होता, आणि म्हणूनच नंतरचे सोंग अधिक खटकले. शांग जिवंत परतल्यावरही तिने दिलेला शब्द कायम होता. त्यातून तिची सुटका तिच्या बुद्धीने किंवा वाटाघाटीने झाली असती, तर तहाचे काय हा प्रश्न निदान कोणाच्या तरी तोंडी आला असता. पहिल्या भागात हिमकडा कोसळवून हूणांचे सैन्य गाडणाऱ्या मुलानला तेवढे नक्कीच जमले असते.