मदत हवी आहे: केशराच्या कुंडीला पाणी कधी बंद, कधी चालू?

नमस्कार मंडळी, मी इंग्लंडला एसेक्समध्ये राहते, मागच्या ऑगस्टला केशराचे 20 कंद आणून दोन कुंड्यांत चार इंच खोल लावले. ऑक्टोबरअखेर सात फुलं आली, एका फुलात तीनच लाल तंतू म्हणजे सगळे मिळून एकवीस, सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर मोजून घेतले, एका वाटी श्रीखंडात संपले पण काय आनंद झाला! नंतर गवतासारखी पानं एप्रिलपर्यंत हिरवी, मेमध्ये पिवळी पडली. इथंच माझी माती झाली. उन्हाळ्यात कंद झोपतो, कुंडी कोरडी ठेवायची, हे माहीत असूनही शेजारच्या टोमॅटोला पाणी घालता घालता हात तिकडेही वळत राहिला. काल बोट घातलं तर चिखल, एक कंद दाबला तर उकडलेल्या लसणासारखा पिचकला, वास तर विचारूच नका. छपराखालच्या कुंडीतले मात्र टणक आहेत.

आता ओल्या कुंडीतले वाचलेले कंद काढून वाळवू का? आणि पहिलं पाणी ऑगस्टअखेर द्यायचं की कोंब दिसल्यावर? हिवाळ्यात पानं असताना, पाऊस नसेल तर, तुम्ही किती दिवसांनी देता? कुंडीत लावणाऱ्यांनी प्लीज सांगा.