मदत हवी आहे: बाबांवर कोयत्याने वार करणाऱ्याला फक्त 3 वर्षं, शिक्षा वाढवून मागता येते का?

कायद्यातलं कळणाऱ्यांनी प्लीज वाचा, लांबलंय त्याबद्दल सॉरी.

आमचं किराणा दुकान आहे, पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव. 2021 मध्ये रात्री नऊच्या सुमाराला दुकान बंद करताना तिघं बाईकवरून आले, गल्ला ओढला, बाबांनी ड्रॉवर धरून ठेवला तर एकाने उजव्या हातावर कोयता घातला. 11 टाके पडले, दोन बोटं अजून मिटत नाहीत, पुडी बांधताना दोरा दातात धरतात.

गेल्या महिन्यात सेशन्स कोर्टाचा निकाल लागला. भादंवि 394 (लुटताना दुखापत) खाली तिघांना 3 वर्षं सक्तमजुरी, 397 (लुटताना घातक हत्यार वापरणं) मधून निर्दोष, कारण म्हणे कोयता नेमका कोणाच्या हातात होता ते सिद्ध झालं नाही. दोन वर्षं चार महिने ते आधीच आत होते, ते वजा झाले, म्हणजे थोड्याच महिन्यात बाहेर! बाबांनी तर साक्षीत सांगितलं होतं की कोयतावाल्याच्या तोंडावरचा रुमाल खाली घसरला तेव्हा चेहरा दिसला, ओळख परेडमध्येही त्यालाच दाखवलं होतं. सरकारी वकिलांना भेटलो, ते म्हणाले प्रस्ताव पाठवू. पाठवला का विचारलं की उत्तर नाही. आज 24 दिवस झाले. आम्ही स्वतः अपील करू शकतो का? बाबा आता सात वाजताच शटर ओढतात आणि बाईकचा आवाज आला की हात आपोआप गल्ल्यावर जातो त्यांचा.

प्रतिसाद 1:
आधी वाईट बातमी सांगतो. शिक्षा कमी पडली एवढ्याच कारणावरून अपील फक्त सरकार करू शकतं, सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) 377, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं 418. फिर्यादीला तो हक्क नाही, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये परविंदर कन्सल केसमध्ये स्पष्ट सांगितलंय. सरकारला मुदत 60 दिवस. प्रस्ताव विधी व न्याय विभागात अडकला तर दिवस असेच जातात, म्हणून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी विचारून काही होत नाही.

प्रतिसाद 2:
दादा, पण तुमची केस नुसती "शिक्षा कमी" अशी नाहीये हे लक्षात घ्या. 397 मधून निर्दोष सोडलंय ना? निर्दोष सुटकेविरुद्ध किंवा हलक्या कलमाखाली दोषी धरण्याविरुद्ध पीडित स्वतः अपील करू शकतो, सीआरपीसी 372 चं परंतुक (कलमाला जोडलेली अट), नवीन कायद्यात 413. त्याला आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागत नाही, सुप्रीम कोर्टाचा मल्लिकार्जुन कोडगली निकाल, 2018. 397 लागलं तर कमीत कमी 7 वर्षं, त्याखाली कोर्टाला जाताच येत नाही. समोरचा वकील म्हणेल 397 हा वेगळा गुन्हा नाही, किमान शिक्षा ठरवणारं कलम आहे. तयारी ठेवा, शिवाय रिव्हिजनचा (वरच्या कोर्टाने निकाल तपासून बघण्याचा) मार्ग वकिलाला सोबत विचारा.

एक मात्र, 397 फक्त ज्याने हत्यार वापरलं त्यालाच लागतं, बाकी दोघांना नाही, म्हणजे सगळं बाबांच्या साक्षीवर आणि ओळख परेडवर. उलटतपासणीत ते नेमकं काय बोलले ती पानं आधी काढा.

धागाकर्ता:
खूप आभार, हे कोणीच सांगितलं नव्हतं. सरकारने अपील केलं तर उलट त्यांची शिक्षा आणखी कमी होईल का, ही भीती आहे.

प्रतिसाद 2:
होऊ शकते. सरकारच्या अपिलात आरोपीला निर्दोष सोडा किंवा शिक्षा कमी करा असं म्हणायचा हक्क असतोच. पण आरोपी स्वतःचं अपील तसेही करतील, त्यामुळे त्या भीतीने थांबू नका. निकालावर न्यायाधीशांचं पद बघा. अ‍ॅडिशनल सेशन्स जज असतील तर हायकोर्ट, असिस्टंट असतील तर तुमचं अपील सेशन्स कोर्टातच जाईल. सातारा-सांगलीकडचे असाल तर हायकोर्टासाठी आता मुंबईला जायला नको, 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आहे. तुमच्या अपिलाला वेगळी मुदत लिहिलेली नाही, म्हणून 60 दिवसांच्या आतच टाका. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात, तेव्हा नकलेचा अर्ज आजच.

धागाकर्ता:
पद अ‍ॅडिशनल सेशन्स जज. नकलेचा अर्ज आत्ता दिला, पावती खिशात आहे. उलटतपासणीचं पान मिळालं, बाबा तिथे म्हणालेत, "रुमाल घसरला तेव्हा कोयता त्याच्याच हातात होता." कोल्हापुरात चांगला फौजदारी वकील कोणाच्या ओळखीचा असेल तर व्यनि करा.