कोल्हापुरात सर्व पंथांच्या पाळकांची मासिक बैठक: नियम काय ठेवावेत?

शाहूपुरीकर
जय ख्रिस्त. कोल्हापूर, कोडोली, गडहिंग्लज, इचलकरंजी या भागातल्या पाळकांची (चर्चच्या धर्मसेवकांची) महिन्याला एक बैठक सुरू करायची आहे. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, साल्वेशन आर्मी, दोन-तीन पेन्टेकॉस्टल मंडळ्या (चर्चेस), जमल्यास कॅथोलिक फादर. हेतू ऐक्याचा आहे, नवी मंडळी काढायची नाही. आधी संस्था नोंदवावी का? सदस्यत्व मंडळीला द्यावं की पाळकाला? वर्षातून एकदा एकत्र प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) ठेवता येईल का?

कोडोलीचा
नोंदणीच्या फंदात इतक्यात पडू नका. सोसायटी म्हटली की किमान सात सभासद आणि घटना लागते. शिवाय आपल्या राज्यात ती सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. मग दरवर्षी हिशेब द्या, पदाधिकारी बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज करा. एक अर्ज राहिला की पुढे दोन गट ‘खरी कमिटी आमचीच’ म्हणून तारखांना उभे राहतात. मालमत्ता नाही, पगार नाही, मग हा व्याप कशाला? ज्याच्या चर्चमध्ये बैठक, त्याचा चहा-नाश्ता.

सदस्यत्व पाळकाला, तेही व्यक्ती म्हणून. मंडळीला द्यायचं तर पंचांचा ठराव, वरिष्ठांची मंजुरी, यातच वर्ष जाईल. मात्र प्रत्येकाने आपल्या बिशपना किंवा वरिष्ठांना पत्राने कळवावं. बदली झाली की जागा आपोआप नव्या पाळकाकडे जात नाही, त्यांना वेगळं निमंत्रण द्यायचं.

पहिल्याच बैठकीत कागदावर आणायची गोष्ट म्हणजे सभासदांची पळवापळवी. दुसऱ्या मंडळीतलं कुटुंब आपल्याकडे येऊ लागलं तर त्यांच्या पाळकाला आठवड्याच्या आत फोन. नाव पटावर घेण्याआधी जुन्या मंडळीचा दाखला. पुन्हा बाप्तिस्म्याची मागणी आली तर आधी दोन्ही पाळक बोलतील, मगच निर्णय. असल्या बैठका सिद्धांतावरून क्वचित मोडतात, दाखल्यावरून हमखास.

वेदीसेवक
प्रभुभोजन नकोच. इतर पंथांच्या सेवकांसोबत मिस्सा (त्यांचा प्रभुभोजनाचा विधी) अर्पण करायला कॅथोलिक धर्मसंहितेच्या कलम ९०८ ची मनाई आहे. साल्वेशन आर्मीत तर बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच पाळत नाहीत. दोघांनाही संकोचात का टाकायचं?

त्यापेक्षा १८ ते २५ जानेवारीच्या ऐक्य प्रार्थना सप्ताहात वचनाची उपासना ठेवा, म्हणजे प्रभुभोजनाशिवाय शास्त्रवाचन, प्रार्थना आणि उपदेश. तिचं साहित्य १९६८ पासून व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून काढतात. मराठी मसुदा नोव्हेंबरातच हातात हवा, नाताळच्या धांदलीत कोणी भाषांतराला बसत नाही. कोल्हापूर जिल्हा सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो, म्हणून फादरना दिलेल्या पत्राची प्रत तिथल्या बिशप कार्यालयालाही पाठवा.

‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक प्रत्येकाकडे नसतं. त्यामुळे नुसते क्रमांक न सांगता गीतांचे शब्द छापा. प्रभूची प्रार्थनाही छापा, पूर्ण. कॅथोलिक लोक ‘वाईटापासून सोडव’पाशी थांबतात आणि बाकीचे ‘कारण राज्य’ म्हणत पुढे जातात, मग अर्धं चर्च गप्प आणि अर्धं मोठ्याने! कुठे थांबायचं ते कागदावरच असू द्या. उपदेश यजमान पाळकाने करू नये. दान कुठे जाणार हे उपासनेआधीच सांगा.

नवा_वाचक
विश्वासाचं कलम लिहिलं नाही तर कोणीही येऊन बसेल की.

कोडोलीचा
लिहा, पण लांबण लावू नका. नायसीन मतांगीकार (उपासनेत म्हणायचं जुनं विश्वासाचं कबुलीवचन) घेतलात तर पेन्टेकॉस्टल मंडळी बिचकतील. मजकूर पटत नाही म्हणून नाही, त्यांच्याकडे मतांगीकार म्हणायची रीत नाही म्हणून. जागतिक चर्च परिषदेने १९६१ ला दिल्लीत पक्कं केलेलं सूत्र पुरेसं आहे: पवित्र शास्त्रानुसार प्रभू येशू ख्रिस्ताला देव व तारणारा मानणारे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या गौरवासाठी एकत्र आलेले.

बाप्तिस्मा लहानपणी की कळत्या वयात, हा वाद बैठकीत सोडवायला घेऊ नका. १९२९ ला सुरू झालेली बोलणी १९७० ला नागपुरात पुरी होऊन सहा चर्चेसची सीएनआय झाली, तीही दोन्ही पद्धती मान्य करूनच. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट त्या वेळी ऐनवेळी बाहेर राहिले. आता त्यांच्या पाळकांना बोलावून तोच हिशेब मागणारा एखादा निघतोच, त्याला अध्यक्षांनी वेळीच आवरावं.

शाहूपुरीकर
आभार. वार कोणता धरावा?

वेदीसेवक
मंगळवार, अकरा ते एक. सोमवारी बरेच पाळक सुट्टी घेतात, आणि गडहिंग्लजकडून येणाऱ्याला एसटीने संध्याकाळच्या आत घरी पोचता येतं. डिसेंबर आणि ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात बैठक नको. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवार तर अजिबात धरू नका.