मदत हवी आहे: घरी काढलेल्या गुलाबजलाला शिजल्यासारखा वास येतोय

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. १० लिटरचं तांब्याचं छोटं डिस्टिलेशन यंत्र आहे, घरच्या गॅसवर चालवते, फक्त गुलाबजल काढायचंय, अत्तर नाही. फुलं देशी गुलाबी, सकाळी मंडीतून आणते आणि लगेच पाकळ्या वेगळ्या करून टाकते, हिरवे देठ अजिबात जाऊ देत नाही.

पहिली बाटली सुरेख येते, झाकण उघडलं की खोली भरते. पण पुढे जे पडतं त्याला उकडलेल्या पालेभाजीसारखा वास, आणि सगळं एकत्र केलं की चांगलंही वाया जातं.

आच अगदी मंद करून पाहिली, पाकळ्या पाण्यात न बुडवता जाळीवर ठेवून वाफेवर काढलं तर करपट वास गेला पण शिजल्यासारखा तसाच आहे. तांबं चिंच-मीठाने लख्ख घासलंय, त्यानंतर नुसत्या पाण्याची एक खेप काढून टाकली, झाकणाच्या सांध्याला कणीक लावते त्यामुळे वाफ निसटत नाही. वाफ थंड करणारी वेटोळी नळी (कॉइल) ज्या बादलीत आहे तिच्यात बर्फ टाकत राहते, नळीतून पाणी गारच पडतं. बोअरचं पाणी नाही, आरओचं वापरते.

हे श्रीखंडात, थंडाईत घालायचंय म्हणून प्रिझर्वेटिव्ह किंवा केमिकल सुचवू नका, आणि नवीन मोठं यंत्र सध्या शक्य नाही.

तर साधारण १ किलो पाकळ्यांमागे किती पाणी गोळा झालं की थांबायचं, आणि नंतरचं पाणी पुढच्या खेपेला ताज्या पाकळ्यांवर घातलं तर वास सुधारतो की अजून बिघडतो?