मदत हवी आहे: निबंधातलं अवतरण ठिगळासारखं दिसतं

मी घरी दहावीच्या मुलांची मराठीची शिकवणी घेते. परवा पर्यावरणावर निबंध दिला होता. नऊ वह्या आल्या, त्यातल्या सातांची सुरुवात 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें'! त्याबद्दल तक्रार नाही, अभंग आहेच तसा. पण पुढे काय होतं बघा, एका वहीतून जसंच्या तसं उतरवते:

"वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें असे संत तुकाराम महाराज म्हणतात. आज प्रदूषण खूप वाढले आहे. झाडे आपल्याला ऑक्सिजन देतात."

तुकोबा आले, हजेरी लावली आणि गेले. त्या मुलीला विचारलं, सोयरे म्हणजे कोण? "पाव्हणे." (आमच्याकडे पाव्हणे म्हणजे सोयरेच, त्यामुळे गप्प बसले.) मग ती ओळ का घातलीस? "सुविचार घातला की मार्क मिळतात, मॅडम."

आधी काहीतरी जोड द्या म्हटलं, तर आता सगळे 'म्हणूनच म्हटले आहे' लिहितात. कोणी म्हटलंय, कशावरून, पत्ता नाही. हे कसं शिकवायचं?

शिवाय 'आम्हां', 'सोयरीं' वरचे अनुस्वार ठेवायचे की काढायचे?

निवृत्त मास्तर:
ताई, अनुस्वार ठेवा. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच आहे: केशवसुतांच्या आधीचं पद्य मुळाबरहुकूम, केशवसुतांपासून पुढचं आजच्या नियमांनी. तुकोबा सतराव्या शतकातले.

ठिगळाचं म्हणाल तर मी महिनाभर अख्खी ओळ लिहायलाच बंदी करायचो. ओळीतला एकच शब्द उचलायचा आणि आपल्या वाक्यात कामाला लावायचा. प्रत्यय लागलाच तर तो अवतरणचिन्हाच्या बाहेर. असं: तुकोबांनी ज्यांना 'सोयरीं' म्हटले, त्यांच्याच बुंध्यांवर रस्ता रुंद करताना आपण चुन्याने नंबर टाकतो. 'असे म्हणतात' लागलं का कुठे?

फुल्यांचंही तेच. 'विद्येविना मती गेली' लिहून पोरं थांबतात. 1883च्या 'शेतकऱ्याचा असूड'मधली ती साखळी आहे. मती, नीती, गती, वित्त असं करत 'वित्ताविना शूद्र खचले' इथे येते. ते टोकच छाटलं की उरलेली ओळ शाळेच्या भिंतीवरच्या पाटीसारखी कुठेही टांगता येते.

कोरी पाटी:
मास्तरांशी सहमत. एक भर: ओळ धड आठवत नसेल तर अवतरणचिन्ह घालूच नये. 'तुकोबांनी झाडांशी नातं जोडलं' एवढं आपल्या शब्दांत लिहिलं तरी चालतं. संतांच्या नावावर मनचे शब्द खपवलेले बघून माझं डोकं फिरतं.

मूळ प्रश्नकर्ती:
मास्तर, बंदी घातली. पहिल्या दिवशी वर्गात सुतकी शांतता. आज त्याच 'पाव्हणे'वाल्या मुलीने हे आणलं:

"आमच्या दारातला कडुनिंब मागच्या पावसात पडला. सोयरा गेला की घरात चूल पेटत नाही. आम्ही मात्र त्याच्याच लाकडांवर आठवडाभर पाणी तापवले."

मी दोनदा वाचलं. तुकोबांचं नावसुद्धा नाही, तरी ते आहेत. पण आता नवीनच पेच: 'सोयरीं'चं तिने 'सोयरा' केलंय. चिन्ह द्यायला सांगू, की तसंच राहू देऊ?