माकडांना ५०० पट डोस देऊन काही झालं नाही, मग माणसांना कसं झालं?

एमफार्म_सातारा
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात माझा सेमिनार आहे, विषय मोनोक्लोनल अँटिबॉडीचं (प्रयोगशाळेत बनवलेली, शरीरातल्या एकाच ठरावीक गोष्टीला चिकटणारी प्रोटीन औषधं) प्रीक्लिनिकल, म्हणजे माणसाला देण्याआधीचं, सेफ्टी टेस्टिंग. सगळे घेतात म्हणून मीपण टीजीएन१४१२ या प्रायोगिक अँटिबॉडीची केस घेतली, मार्च २००६, लंडनचं नॉर्थविक पार्क हॉस्पिटल. आणि वाचून डोकंच फिरलं. सायनोमोल्गस माकडांना आठवड्याला किलोमागे ५० एमजी, असं चार आठवडे दिलं, काही झालं नाही. माणसांना दिलं किलोमागे ०.१ एमजी, म्हणजे ५०० पट कमी. आठ जणांपैकी दोघांना प्लासिबो होता, ते सोडून सहाच्या सहा जण दीड तासात डोकेदुखी, कंबरदुखी, उलटी, ताप, आणि रात्रीपर्यंत फुप्फुसं-किडनीपर्यंत गेलं, सायटोकाइन स्टॉर्म, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या निरोप देणाऱ्या प्रोटीनचा महापूर.
मग चुकलं काय? हिशोब चुकला, का बॅच खराब होती, का माकडांवरची टेस्टच बोगस? गाईड सर म्हणतात "स्पिसीज डिफरन्स" लिही आणि पुढं जा. पण एक्स्टर्नल, बाहेरचे परीक्षक, विचारणारच ना, कुठला डिफरन्स.
अजून एक, अँटिबॉडीसाठी एम्स टेस्ट वगैरे जेनोटॉक्स (औषधानं डीएनए बिघडतो का ते बघणं) स्लाइडवर दाखवायचं का?

टॉक्सवाली
दुसरं आधी सांगते कारण ते सोपंय. जेनोटॉक्स नको. अँटिबॉडी म्हणजे दीड लाख डाल्टनचं प्रोटीन, ते डीएनएपर्यंत जाऊन त्याच्याशी काही करेल अशी अपेक्षाच नसते, आयसीएच एस६ मध्ये, म्हणजे बायोटेक औषधांच्या सेफ्टीच्या आंतरराष्ट्रीय गाईडलाइनमध्ये, तसं सरळ लिहिलंय. अँटिबॉडीला विषारी रसायन जोडलेलं असेल तर त्या रसायनाचं बघावं लागतं, ते वेगळं प्रकरण. गोळीच्या औषधाचा चार्ट उचलून अँटिबॉडीच्या स्लाइडवर चिकटवू नको, एक्स्टर्नल तिथंच पकडतात.

आता मुख्य. हिशोब चुकला नव्हता, गंमत तीच आहे. ५० एमजी हा माकडातला "त्रास न दिसलेला" डोस. शरीराच्या पृष्ठभागावरून माणसाला लावला की होतो साधारण १६. त्याला सेफ्टीचा १० चा भागाकार, १.६. आणि त्यांनी त्याच्याही खूप खाली जाऊन ०.१ घेतला. नियमाप्रमाणे बघितलं तर कंजुषीच. बॅचचंही ब्रिटनच्या औषध नियामकानं, एमएचआरएने, तपासलं, भेसळ-बिसळ काही सापडली नाही. औषधानं त्याला जे करायचं होतं तेच केलं, नको इतकं केलं.

टी पेशीला (प्रतिकारशक्तीची पांढरी पेशी) चालू व्हायला एरवी दोन सिग्नल लागतात, सीडी२८, पेशीवरचा एक रिसेप्टर, हा त्यातला दुसरा. ही अँटिबॉडी सुपरॅगोनिस्ट, एकटीच पेशी चालू करते. ती माकडाच्या सीडी२८ ला माणसाइतकीच चिकटते, म्हणून कंपनीनं, जर्मनीतली टेजेनेरो, सायनो ही "रेलेव्हंट स्पिसीज" धरली. कागदावर बरोबर. पण चिकटणं वेगळं आणि चिकटल्यावर पुढं काय होतं ते वेगळं. २०१० मध्ये ब्रिटनच्या एनआयबीएससीतल्या (जैविक औषधं तपासणारी सरकारी संस्था) लोकांनी दाखवलं की सीडी४ इफेक्टर मेमरी टी पेशी, म्हणजे जुन्या इन्फेक्शनची आठवण ठेवून लगेच कामाला लागणाऱ्या, ज्या भडकल्या की सायटोकाइनचा पूर येतो, त्यांच्यावर माणसात सीडी२८ असतो आणि सायनोमध्ये नसतो. किल्ली बरोबर होती, कुलूपही तेच, पण दारूगोळा ज्या खोलीत ठेवलाय तिला माकडात ते कुलूपच बसवलेलं नाही, मग किल्ली फिरवणार कुठं? ५०० पट दे नाहीतर ५००० पट दे. एक्स्टर्नलला हे सांग.

उंदरांचं पण विचारतील. ही अँटिबॉडी उंदराला चिकटतच नाही म्हणून उंदराच्या सीडी२८ वरची दुसरी, सरोगेट, वापरलेली. तिथं तर उलट रेग्युलेटरी, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या, टी पेशी वाढल्या, सगळं छान, संधिवात बरा होईल अशी आशा. पण लॅबचे उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेले, त्यांना कधी सर्दी नाही पडसं नाही, मेमरी पेशी असणार किती? माणूस तिशीपर्यंत शंभर इन्फेक्शन खाऊन बसलेला असतो.

उगाच_विचारतो
मग माकडं मारायचीच कशाला? माणसाच्या पेशी घ्या, डिशमध्ये टाका, संपलं. अमेरिकेच्या एफडीएनंच एप्रिल २०२५ ला सांगितलंय की मोनोक्लोनल अँटिबॉडीपासून सुरुवात करून प्राण्यांवरच्या टेस्ट टप्प्याटप्प्यानं कमी करायच्या. आपल्याकडं पण मार्च २०२३ ला क्लिनिकल ट्रायल रूल्समध्ये बदल करून बिनप्राण्यांच्या पद्धती चालतील असं आणलंय.

टॉक्सवाली
हो, आणि त्या बाजूनं जायलाच पाहिजे, मी काही माकडांची वकील नाही. पण याच केसमध्ये डिश पण खोटं बोलली ते वाचलंस का? माणसाच्या रक्तातल्या पेशी घेऊन त्यात ही अँटिबॉडी नुसती ओतली तर पेशी ढिम्म. नंतर तीच अँटिबॉडी प्लेटच्या तळाशी वाळवून बसवली, किंवा पेशींना रक्तवाहिन्यांच्या एंडोथेलियल पेशींची सोबत दिली, तेव्हा कुठं सायटोकाइन दिसले. पुढं २०११ मध्ये वुर्झबर्गच्याच, म्हणजे टेजेनेरोच्या गावच्या, गटानं दाखवलं की त्या पेशी दोन दिवस दाटीवाटीनं वाढवल्या की नुसती ओतलेली अँटिबॉडीपण चालते. कारण रक्तात पेशी सुट्या फिरतात, लिम्फ नोडमध्ये एकमेकींना खेटून असतात. म्हणजे माणसाची पेशी घेतली म्हणून माणूस आला असं होत नाही.

आणि माकडात अजून एक भानगड. माणसाची अँटिबॉडी माकडाला परकीच, तिच्याविरुद्ध माकड स्वतःच्या अँटिबॉडी बनवतं आणि औषध भराभर रक्तातून जातं. रिपोर्टमध्ये "काही त्रास नाही", अहो पण औषध अंगात होतं का? म्हणून रक्तातली पातळी आणि माकडानं बनवलेल्या अँटिबॉडी दोन्ही बघितल्याशिवाय मी "सेफ" हा शब्द वाचतच नाही. सवय लागलीय.

लंडनकर_पुणेरी
मी तेव्हा लंडनला होतो, पेपरात रोज तेच. सगळे धडधाकट तरुण, २००० पौंडाच्या आसपास मिळणार म्हणून आलेले. सहाही वाचले पण एकाच्या पायाची बोटं गेली आणि हाताच्या बोटांची टोकं.
टॉक्सवाली ताईंचं बरोबरच आहे पण मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. पहिल्याला दिलं आणि साधारण दहा-दहा मिनिटांनी पुढच्यांना. पहिल्याचं काय होतंय ते कळायच्या आत सहावा पण झाला. दूधवाला पण नवीन गवळ्याचं दूध आधी एका घरी देऊन बघेल हो. ब्रिटन सरकारनं नेमलेल्या सर गॉर्डन डफ यांच्या समितीनं त्याच वर्षी रिपोर्ट दिला, त्यात हे आहे, एकाला द्या, थांबा, मग दुसऱ्याला. युरोपात २००७ ला पहिल्यांदा-माणसात-देण्याची गाईडलाइनच आली.
आणि वाचवलं कशानं, तर स्टेरॉइडचे मोठे डोस आणि इंटरल्यूकिन-२ या सायटोकाइनच्या रिसेप्टरवरची दुसरी एक अँटिबॉडी. अँटिबॉडीवर अँटिबॉडी.

एमफार्म_सातारा
ताई, दादा, खूप आभार, गाईड सरांना पण लिंक पाठवली (ते फक्त "बरं" म्हणाले). म्हणजे मी समजलो ते असं की "माकडाला किती झेपलं" इथून सुरुवात न करता "माणसाच्या पेशीला कमीत कमी कितीनं हलवतं" इथून करायची, तेच मॅबेल ना? आणि ०.१ एमजीला ९० टक्क्यांच्या वर रिसेप्टर भरलेले होते असं एका पेपरमध्ये आहे, तो आकडा मॅबेलच्याच स्लाइडवर टाकतो.
एक शंका राहिली. तीच अँटिबॉडी नंतर रशियात टीएबी०८ नावानं परत माणसांना दिली असं सापडलं, आणि पहिला डोस परत ०.१! एवढं होऊनसुद्धा तोच डोस? एवढी हिंमत कशी केली यांनी?

टॉक्सवाली
मॅबेलचं बरोबर समजलास.
रशियावाल्यांचं युनिट बघ रे बाबा. मायक्रोग्रॅम आहे ते. किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम, लंडनच्या हजारपट कमी, आणि चढवत चढवत गेले ते फक्त ७ मायक्रोग्रॅमपर्यंत.

एमफार्म_सातारा
आई शप्पथ. स्लाइडवर एमजीच टाकलं होतं मी.