मदत हवी आहे: 'पॅटर्न'ला मराठीत काय म्हणू? (कागदाचा, कापडाचा की शिरपूरचा)

नमस्कार मंडळी,

अमळनेरला घरीच शिवणक्लास घेते. यंदा बायकांच्या हातात द्यायला वीसेक पानांची मराठी पुस्तिका लिहायला घेतली आणि तिसऱ्याच पानावर गाडी अडकली. वाक्य असं आहे: 'पॅटर्न कापडावर ठेवताना कापडाचा पॅटर्न जुळतोय का ते बघा.'

पहिला पॅटर्न म्हणजे खाकी कागदावर माप टाकून कापलेले तुकडे, म्हणजे पाठ, पुढा, बाही, कटोरी. दुसरा म्हणजे कापडावरची चौकडी नाहीतर फुलांची ओळ. शिकवताना कागद हातात असतो, म्हणून भागतं. छापलेलं वाचून घरी एकटीने कापायला बसलेली बाई काय समजणार?

त्यात एक विद्यार्थिनी शिरपूरकडची. मी फळ्यावर 'पॅटर्न' लिहिलं तर विचारते, "ताई, मंग आमना शिरपूर पॅटर्नना कागद कोठे भेटस?" अख्खी बॅच हसली, पण मला ते लागलं. तिचं काय चुकलं? धुळे-जळगावात पॅटर्न म्हटलं की आधी तेच आठवतं. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या मार्गदर्शनाखाली शिरपूर तालुक्यात नाले रुंद आणि खोल केले, ओळीने बंधारे बांधले, पाणी जमिनीत मुरवलं. मग जो तो म्हणू लागला, आमच्याकडेही शिरपूर पॅटर्न करा. अभ्यासाचा लातूर पॅटर्न त्यातलाच. दोन्हीकडे अर्थ, कुणीतरी करून दाखवलेली आणि आपण उचलावी अशी रीत.

'नमुना' लिहून पाहिलं. पण आमच्याकडे नमुना म्हणजे गिऱ्हाईक मापाला आणून देतं ते जुनं ब्लाउज. सातबारा हाही गाव नमुना 7 आणि 12. शिवाय "काय नमुना आहे!" हे आम्ही कुणाकुणाला म्हणतो ते इथे लिहीत नाही. आमच्या ह्यांनी 'आकृतिबंध' सुचवला. ते सरकारी नोकरीत, त्यांच्या कागदांत आकृतिबंध म्हणजे कुठल्या कार्यालयाला किती पदं मंजूर. ब्लाउजला पदं कुठून आणू? गावातले जुने मास्तर 'फर्मा' म्हणतात, पण नव्या मुलींना तो चपलांचा वाटतो. सध्या माझं मन 'साचा'कडे झुकतंय. चालेल का? आणि एकच शब्द सगळीकडे वापरावा की जागा बघून बदलावा?

---

लोखंडी: ताई, साचा अजिबात नको. मी फाउंड्रीत आहे, आमच्याकडे पॅटर्न आणि साचा या दोन वेगळ्या वस्तू. पॅटर्न लाकडाचा. तो वाळूत दाबून काढून घेतला की जी पोकळी उरते तो साचा, आणि वितळलेल्या धातूचा रस ओततात तो त्यात. तुमच्या कागदात काही ओतत नाहीत, त्याच्याभोवती फक्त खडू फिरवता. एक साम्य मात्र आहे. रस थिजल्यावर धातू गार होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मापापेक्षा थोडा मोठा करावा लागतो. बीडाला (ओतीव लोखंडाला) मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर, पोलादाला त्याच्या दुप्पट. बायको शिवणीला अर्धा इंच 'माया' सोडते, तेव्हा मला तेच आठवतं.

कित्तेकरी: 'पॅटर्न' आणि आश्रयदात्या अर्थाचा 'पेट्रन' मुळात एकच शब्द. लॅटिन 'पात्रोनुस'वरून आला, आणि त्याच्या पोटात 'पातेर' म्हणजे बाप. बापाकडे बघून पोरानं वागायचं, तसं ज्याच्याकडे बघून दुसरं करायचं तो पॅटर्न. फ्रेंचमध्ये 'पात्रों' म्हणजे मालकही आणि कपड्याचा कागदी पॅटर्नही. नक्षीचा अर्थ इंग्रजीत मागाहून चिकटला. मूळ अर्थाला आपल्याकडे चोख शब्द आहे, कित्ता. शिरपूरचा कित्ता गिरवला म्हणा, एका शब्दाने काम होतं. पण ब्लाउजचा कित्ता म्हणाल तर मीच हसेन.

पाचोरेकर: जागा बघून बदला. पावसाचं 'मान' बदलतं, शेतात 'पीकपद्धती' असते, स्वेटरला 'वीण' असते, परीक्षेचं 'स्वरूप' बदलतं (पोरं पॅटर्नच म्हणतात, म्हणू द्या). कापडावरच्याला तर 'नक्षी'सुद्धा नको. चौकडी असेल तर चौकडी लिहा, पट्टे असतील तर पट्टे. आमची आई मोबाइलच्या पॅटर्न लॉकला 'रेघ मारायचं कुलूप' म्हणते, आणि घरात आता सगळे तेच म्हणतात.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. लोखंडी दादा, साचा खोडला. 'फर्मा'च ठेवतेय. चपलांचा वाटला तर वाटू दे, कामही तेच करतो. पहिल्या पानावर कागदाच्या बाहीचं चित्र काढून खाली 'फर्मा (पेपर पॅटर्न)' असं एकदाच लिहिलं.

वाक्य आता असं झालंय: 'फर्मा कापडावर ठेवताना चौकडी किंवा पट्टे खांद्याला आणि कुशीला जुळतायत का ते बघा.' काल बॅचमध्ये वाचून दाखवलं. शिरपूरवालीने लगेच विचारलं, कापड साधंच असलं तर काय बघायचं? मग खाली आणखी एक ओळ टाकली: 'साध्या कापडावर उभा धागा बघा.'

ग्रेडिंगला, म्हणजे 32 च्या फर्म्यावरून 34 चा काढतात त्याला, कुणाकडे मराठी शब्द आहे का?